मूठ मिटली की हलायचं नाही

आमच्या आईच्या मंडळात पन्नासेक माणसं आहेत आणि त्या सगळ्यांकडे माझा नंबर आहे. मंडळ कर्णबधिरांचं. पूर्वी कुणाचं काही अडलं तर निदान मला शोधत घरापर्यंत यावं लागायचं, आणि मी घरी नसले की सुटका व्हायची. व्हिडिओ कॉल आले आणि ती पळवाट बंद झाली. मी नाशिकमध्ये, द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलं टाइप करते. डबा उघडला की फोन थरथरायला लागतो. पडद्यावर कुणीतरी हातवारे करत असतं, त्याच्यामागे गॅसवाला कंटाळून उभा असतो, आणि दोघांची गाठ मी घालून द्यायची असते. बँकेतल्या बाई तर कमाल करतात. आम्हाला खातेदाराशीच बोलावं लागेल, म्हणतात. मी सांगते, बाई, त्यांना ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. हो का, त्या म्हणतात, बरं, मग फोन त्यांच्याकडे द्या.

पहिल्यांदा मी हसले होते. आता हसत नाही. घास गिळते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.

माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर. वडील सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते, ते वारल्यापासून आई माझ्याकडेच असते. मला मात्र जन्मापासून ऐकू येतं, त्यामुळे बोलायला लागले तशी मी घराचं तोंड झाले. आमच्यात कुणाला नावानं हाक मारत नाहीत, हाक मारून उपयोगही नसतो. प्रत्येकाची एक खूण असते. आईची खूण म्हणजे हनुवटीवरची खळी, तिथे बोट टेकवायचं. माझी खूण म्हणजे ओठांपाशी चार बोटं उघडायची आणि मिटायची. तोंड. ही खूण मला कुणी दिली ते आठवत नाही, पण नाशिकमधला कुठलाही कर्णबधिर माणूस मला ह्याच खुणेनं ओळखतो.

दुभाषाच्या कामाचे नियम मला कुणी शिकवले नाहीत, करता करता कळले. एक म्हणजे, आई जे म्हणेल ते जसंच्या तसं, तिच्या तोंडचं म्हणून बोलायचं. ती ‘मला’ म्हणाली की मीही ‘मला’च म्हणायचं. आठवीत असताना मी एका डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, मला दोन मुलं झाली, आता माझं गर्भाशय काढून टाका. बाई माझ्या दोन वेण्यांकडे बघतच राहिल्या. दुसरं म्हणजे, दुभाषाला खुर्ची नसते. एक खुर्ची साहेबाची, एक आईची. मी साहेबाच्या खांद्यापाशी उभी राहायची, म्हणजे आईला त्याचा चेहरा आणि माझे हात एकाच नजरेत दिसतात. बँकेत, दवाखान्यात, माझ्याच शाळेतल्या पालकसभेत, भावाच्या लग्नाच्या बोलणीत मी अशीच उभी होते. माझ्या लग्नाच्या बोलणीतही. मुलगी जरा बसू दे की, असं सासरच्या एका काकू म्हणाल्या होत्या, आणि त्या म्हणाल्या हेसुद्धा मी उभ्यानंच आईला सांगितलं. आता माझ्या टाचा दुखतात. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना आई गं होतं.

मंडळ रविवारी भरतं, पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला सारायची आणि गोल करून बसायचं, कारण कुणाची पाठ दिसली की त्याचं बोलणं गेलं. सभा सुरू करायची तर सेक्रेटरी ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करतात. हे सेक्रेटरी वडिलांच्याच कारखान्यातले, रिटायर झालेले, अजून इस्त्रीच्या शर्टात येतात. शाळेचा वॉचमन दर महिन्याला माझ्याकडे तक्रार करतो की तुमच्या सभेचा आवाज फार होतो. खरंच होतो. बाकं ओढताना किती करकरतात ते ओढणाऱ्याला कळत नाही, आणि रंगात आले की हे लोक हसतातही पोट धरून. सभा संपते, वर्गाला कुलूप लागतं, तरी कुणी घरी जात नाही. बाहेर मेडिकलच्या दुकानाचा उजेड पडतो तिथे घोळका करून आणखी तासभर बोलत उभे राहतात. उजेड आहे तोवर बोलून घ्यायचं, ही सवय कुणाची जात नाही.

मंडळानं आजवर बऱ्याच ठिकाणी अर्ज दिले. दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी खुणांची भाषा येणारं माणूस ठेवा. स्टँडवर गाडी कुठल्या फलाटाला लागली ते पाटीवर लिहा. पोलिसांचा, अँब्युलन्सचा नंबर असा करा की बोलावं न लागता मदत मागता येईल. प्रत्येक अर्जासोबत मी जाते, साहेबाच्या खांद्यापाशी उभी राहते आणि ‘आम्ही कळवू’ ह्या दोन शब्दांचं भाषांतर करते. तरुण पोरं मोठ्या शहरांतल्या सोयींच्या गोष्टी सांगतात, पडद्यावरच्या दुभाषांच्या. होईल म्हणा. तोवर मी आहेच.

आईचं आता सत्तरीपार वय. उजव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग येऊन तो डोळा कायमचा गेला. उरला डावा. गेल्या वर्षी त्या डाव्यात मोतीबिंदू आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण आईनं ते लपवलं. ती ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसायला लागली. बोलणाऱ्याच्या अगदी अंगावर जायला लागली. मंडळात कुणी तिला नातवाच्या परीक्षेबद्दल विचारलं तर ती कोथिंबिरीचा भाव सांगायची. लोक हसले, ती पण हसली, आणि पुढच्या रविवारी म्हणाली, माझं डोकं दुखतंय, आज नाही येत. त्यानंतर दर रविवारी डोकं दुखायला लागलं. आई म्हणाली असं मी लिहिते तेव्हा ती हातांनीच म्हणाली, हे धरून चाला.

एका संध्याकाळी मी तिच्यासमोर उभी राहून जेवायला चल म्हणत होते आणि ती माझ्याकडे बघून मान डोलवत होती, पण उठत नव्हती. दोनदा सांगितलं, तिनं दोनदा मान डोलवली. तेव्हा मला कळलं की तिला माझे हात दिसतच नाहीयेत, नुसतं काहीतरी हलतंय एवढंच दिसतंय. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ऐकू येणाऱ्या माणसाचे डोळे गेले तर त्याला निदान हाक तरी मारता येते. आईचा हा एक डोळा गेला असता तर ती आमच्यात बसूनही आमच्यात नसती. मी इतकी घाबरले की त्या दिवशी भाजी करपली आणि ती आम्ही तशीच खाल्ली.

गंगापूर रोडच्या बाजूच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. नंबर तोंडानं पुकारत होते. पडदा होता, पण त्यावर मोतीबिंदूची जाहिरात चालू होती. मी टॉयलेटला गेले तेवढ्यात आईचा नंबर येऊन गेला. तिथल्या आयाबाई सुरगाण्याकडच्या होत्या, त्या कळवळून म्हणाल्या, “लय मोठ्यानं वरडले ना बाई मी, तीनदा वरडले. मंग म्हंटलं आजी रागावल्या का काय माझ्यावं.” मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. “अगं माझ्या बाई,” म्हणून त्यांनी आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्हाला पुढं घातलं.

डॉक्टर माणूस चांगला होता. घाईत होता, पण चांगला होता. मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर अवघड होईल, लगेच करू म्हणाला. नुसती डोळ्यापुरती भूल द्यायची, पेशंट जागा असतो, चेहऱ्यावर हिरवी चादर, त्याला डोळ्यापुरतं भोक. आम्ही सांगू तेव्हा दिव्याकडे बघायचं आणि सांगू तेव्हा अजिबात हलायचं नाही, बस. मी विचारलं, सांगणार कसं? दिसतो तो एकच डोळा तुमच्या ताब्यात, हात चादरीखाली. नातेवाइकाला आत घेत नाही, डॉक्टर म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, त्यात काय एवढं, मी खांद्यावर थाप मारीन. थाप मारली की हलायचं नाही. सोप्पंय. मी आईला सांगितलं, आईनं समजलं म्हणून सांगितलं, आणि तिला आत नेलं.

थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात, कपाळाला घाम. “हत्यार डोळ्यापाशी नेलं,” ते म्हणाले, “सिस्टरनं थाप मारली, आणि ह्यांनी गर्रकन मान वळवली. नशीब, टेकलं नव्हतं.”

मी कपाळाला हात लावला. कर्णबधिर माणसाच्या खांद्यावर थाप मारणं म्हणजे त्याला हाक मारणं. इकडे बघ, म्हणणं. मी आईला रोज सकाळी थाप मारूनच उठवते, सगळं मंडळ एकमेकांना थापा मारूनच बोलावतं. सत्तर वर्षं तिच्या खांद्याला थाप लागली की तिनं वळून बघितलंय. डोक्याला नवा नियम पाठ होता हो, मानेला नव्हता. आणि हे तिथे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

डॉक्टर म्हणाले, मी जबाबदारी घेऊ शकत नाही, पूर्ण भूल देऊनच करावं लागेल, हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी आणा. आईच्या हृदयाची अवस्था मला माहीत होती. तरी गेलो. हृदयाच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, डोळा वाचवायला जाल आणि माणूस जाईल. हे मला आईला सांगायचं होतं. माझ्या नियमात गाळायची सोय नाही. मी तिच्या डोळ्याच्या अगदी जवळ हात नेऊन, सावकाश, एकेक शब्द सांगितला. तिनं विचारलं, म्हणजे आता असंच? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघणार कोण? आणि हसली. मला हसू आलं नाही. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, आणि त्याचा आवाज तिला येत नव्हता ह्याचं त्या दिवशी बरंच वाटलं.

त्या रविवारी मी तिला बळंच मंडळात नेलं. सेक्रेटरींनी ट्यूबलाइट दोनदा मिचकावली आणि मी सगळ्यांना काय झालं ते सांगितलं. मग जो तो उपाय सांगायला लागला. एकानं सांगितलं, डोकं पट्ट्यानं बांधा. एका मुलीनं सांगितलं, चादरीच्या आत मोबाइलची बॅटरी लावा, लागली की थांबायचं. कुणी म्हणालं मुंबईला न्या, तिथे पडद्यावर दुभाषे असतात. पडदा दिसायला डोळा मोकळा लागतो, हे सांगायचाही मला कंटाळा आला. मी एका बाकाच्या टोकाला टेकले होते. सगळे मला थापा मारून आपापला उपाय सांगत होते, आणि माझा खांदा दुखत होता.

आईची एक मैत्रीण आहे. मखमलाबादकडे त्यांचा मळा, ती झेंडू आणि शेवंती घेऊन पहाटे फुलबाजारात बसते. तीही कर्णबधिर. तिची खूण म्हणजे भुवईवरचा व्रण, मी तिला मावशी म्हणते. दोघी लहानपणी एकाच शाळेच्या वसतिगृहात होत्या. मावशी इतका वेळ हाताची घडी घालून बसली होती. ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि तिनं ट्यूबलाइट बंद केली. मग खिडक्याही लावून घेतल्या.

आमच्यात लोक बोलत असताना दिवा बंद करणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर एकदम हात ठेवणं. असं कुणी करत नाही. संध्याकाळ झालेली, वर्गात काळोख. कुणीतरी रागानं बाकावर हात आपटला. मला दोन बायका शेजारी शेजारी बसल्यात एवढंच अंधुक दिसत होतं. मग आईच्या हसण्याचा आवाज आला. तिचं हसणं किनऱ्या आवाजाचं आहे, ते तिला माहीत नाही. कित्येक महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं.

मावशीनं दिवा लावला. सगळे डोळे चोळत बघत होते. आई म्हणाली, ही म्हणते, सेक्रेटरींचं पोट इतकं सुटलंय की शर्टाचं शेवटचं बटण कधी तुटून कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. सेक्रेटरींनी खाली बघितलं आणि बटण चाचपलं. सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. अंधारात आईला हे कळलं कसं, हे मला कळेना.

मग दोघींनी सांगितलं, एकमेकींना मध्येच थांबवत. वसतिगृहात रात्री लवकर दिवे मालवायचे. दिवा गेला की बोलणं बंद. लहान लहान मुली, घरापासून लांब, रडू यायचं आणि ते सांगताही यायचं नाही. तेव्हा शेजारच्या गादीवरच्या मुलीचा हात गोधडीखाली घ्यायचा आणि तिच्या तळहातावर बोटानं बोलायचं. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, बाकीचं तिनं ओळखायचं. अंगठा दाबला की हो. तळवा पुसला की नाही. आणि दाराशी निजलेल्या मुलीला जिन्यावरून येणाऱ्या बाईंच्या कंदिलाचा उजेड दिसला की ती शेजारणीची मूठ मिटवायची. ती पुढचीची, ती तिच्या पुढचीची. मूठ मिटली की हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू घ्यायचा. बाईंनी कंदील तोंडाजवळ आणला तरी पापणी हलता कामा नये, कारण हललेल्या मुलीला रात्रभर व्हरांड्यात उभं राहावं लागायचं.

मावशीनं आईची मूठ मिटवून दाखवली. आई बाकावर बसल्या जागी दगड झाली. तेवढ्यात एका पोरानं मुद्दाम तिच्या खांद्यावर थाप मारली. आई हलली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आधी हेवा वाटला. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी मावशी यायची आणि दोघी अंधारात हातात हात घालून बसायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या, दिवे येण्याची वाट बघत गप्प बसल्यात. मी मेणबत्ती घेऊन धावायचे, आईला बोलता यावं म्हणून. मी म्हणजेच आईची भाषा असं समजून मी इतकी वर्षं थकत आले, आणि माझ्यासमोर बसून ही बाई माझ्यावाचून भरपूर बोलत होती. मेणबत्ती कशाला आणतेय ही, असं वाटत असणार त्यांना.

डॉक्टरांना पटवायला मी भांडले नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो. मी फक्त सांगितलं की मला आणि मावशीला, दोघींना आत घ्यावं लागेल. तुम्ही बोलाल ते मी ऐकणार आणि हातांनी मावशीला सांगणार. मावशी बघणार आणि आईच्या हातावर उमटवणार. ते म्हणाले, आम्ही एकाला घेत नाही, तुम्ही दोघी म्हणता. त्यातून त्या बाईंना पण ऐकू येत नाही. मी म्हटलं, म्हणूनच त्या पाहिजेत. डॉक्टरांनी डोळे मिटून नाकाचं हाड चिमटीत धरलं. तेही दमलेले होते, बाहेर माणसं भिंतीला टेकून उभी होती. बरं, करून दाखवा म्हणाले.

आईला तपासणीच्या टेबलावर आडवं केलं, तोंडावर टॉवेल टाकला. डॉक्टर हळू आवाजात सांगत गेले, वर बघा, खाली बघा, सरळ बघा, थांबा. टॉवेलची कड उचलून सिस्टर बघत होत्या आणि बरोबर, बरोबर म्हणत होत्या. मग डॉक्टर म्हणाले, हे ठरवून पाठ केलेलं असेल. काहीतरी वेगळं विचारा. सकाळी काय खाल्लं विचारा. मी हात हलवले, मावशीची बोटं चालली, आईची बोटं चालली, मावशीनं मला सांगितलं आणि मी नियमाप्रमाणे बोलले, “थालीपीठ खाल्लं. मीठ कमी होतं.”

“कुणी केलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं. ते पहिल्यांदा हसले. दोघी या म्हणाले, पण आत शिंकलात तरी बाहेर काढीन.

थिएटरमध्ये हिरवे कपडे, टोपी, मास्क. मावशीला तिचं कुंकू पुसायला लावलं म्हणून ती रुसली होती. तिला आईच्या शेजारी स्टुलावर बसवलं, चादरीखाली हात घालून तिनं आईचा हात धरला. मी डॉक्टरांच्या खांद्यामागे, कशाला धक्का लागणार नाही एवढ्या अंतरावर भिंतीशी उभी राहिले. मोठे दिवे मालवायला लागले तेव्हा मी म्हटलं, सगळे मालवू नका, मला बोलता येणार नाही. सिस्टरनी माझ्या बाजूचा एक ठेवला.

डॉक्टर म्हणाले, थोडं गार लागेल. माझे हात हलले, मावशीची नजर माझ्यावर, तिचा दंड किंचित हलला. दिव्याकडे बघा. बघितलं. आता अजिबात हलू नका. मी मावशीकडे बघून मूठ मिटली. चादरीखाली तिनं आईची मिटली. आईचा पाय मला दिसत होता, पायाचा अंगठासुद्धा स्थिर होता. ती कुठल्या गादीवर, कुठल्या गोधडीत जाऊन पडली होती कोण जाणे. डॉक्टरांच्या हातांकडे मी बघितलं नाही. मी मावशीच्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि मावशी माझ्या हातांकडे. दोघींनी पापणी लवू दिली नाही. टाचांतून कळ पोटरीपर्यंत चढत होती.

मग डॉक्टर म्हणाले, भिंग बसलं, अवघड भाग झाला, आता जरा सैल सोडा. मी सांगितलं, मावशीनं मूठ उघडली. आणि चादरीखाली आईचा हात बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय म्हणतात?” डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं. “दुखतंय का? दुखत असेल तर लगेच सांगा.”

मावशी मोकळ्या हातानं मला सांगायला लागली. मी बघत होते आणि माझ्या तोंडून शब्द निघत होते, नेहमीसारखे, आईच्या तोंडचे म्हणून.

“दुखत नाही. माझी मुलगी उभी आहे का? तिला कुणीतरी बसायला द्या. लहानपणापासून ती माझ्यासाठी उभीच आहे.”

सिस्टरनी पायानं एक स्टील स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, राहू द्या, झालंच आहे. डॉक्टर म्हणाले, “पेशंटचं ऐका हो, मला काम करू द्या.” मी बसले. मावशीनं ते बघितलं आणि आईच्या हातावर अंगठा दाबला. हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आयाबाईंनी खिडकीचा पडदा थोडा ओढला. आईनं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आधी मावशीला बघितलं आणि तिच्या कपाळाकडे बोट करून विचारलं, कुंकू कुठंय? मावशीनं थिएटरकडे हात करून कपाळ पुसल्यासारखं केलं. मग आई माझ्याकडे वळली. निरखत राहिली. केस, डोळ्यांखाली, गळा, पुन्हा केस. मी विचारलं, नीट दिसतंय ना?

दमलेली दिसतेस, ती म्हणाली.

नाही गं, मी म्हटलं, झोप झाली नाही एवढंच.

तिनं माझे दोन्ही हात धरून खाली माझ्या मांडीवर ठेवले. बोलणाऱ्याचे हात असे धरणं आमच्यात चालत नाही, ते तोंड दाबणंच होतं. मग सोडले, आणि म्हणाली, मला फसवू नकोस, आता मला दिसतं.